आपाचं झाकलेलं तोंड

तार आली तेव्हा माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं होतं. गलबतावरचा कुणी नाखवा, दाढ भरून घ्यायला आलेला. मुंबईहून मेव्हण्यांनी कळवलं होतं : हलिमा गेली, दफन उरकलं. मी तार खिशात घातली, दाढ भरली, आणि आज या बाजूने काही चावू नकोस, असंही त्याला बजावलं. हलिमाआपा माझी सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात मला वाढवलं ते तिनेच. परसात दगडावर बसवून, बोटावर राखुंडी घेऊन ती माझे दात घासायची, आणि मी बोट चावलं की डोक्यात टपली मारायची… पुढे मी मुंबईत दातांचा डॉक्टर झालो. ती लग्न करून दुबईला आली होती, तिच्याच आग्रहावरून मीही इथे आलो. ती बर दुबईत, माझा दवाखाना खाडीपलीकडे देऱ्यात.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी अब्र्यात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसून तिच्या घरी जेवायला जायचो. तिचे यजमान इसाकभाई, म्हणजे माझे मेव्हणे, आमचे दुल्हाभाई, कापडाच्या दुकानात होते. त्यांच्या बैठकीत गावाकडची मंडळी जमायची, पडद्याआड त्यांच्या बायका. डॉक्टर फुकट भेटतो म्हटल्यावर प्रश्नांना काय तोटा? मिस्वाकची काडी चांगली की ब्रश? दुखऱ्या दाढेत लवंग ठेवावी की तंबाखू? पोटातल्या गॅसने हिरड्या सुजतात का? उत्तरं मला येत होती, आणि ती देताना समोरच्याची फजिती करणंही येत होतं. एका ड्रायव्हरने विचारलं, "डॉक्टर, वरची दाढ काढली की नजर जाते म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, "डोळे शाबूत राहतील. अक्कल तेवढी तपासून घे, ती आधीच काढलेली दिसते." बैठक खो खो हसली. दुल्हाभाई मांडीवर थाप मारून म्हणाले, "यल्ला, पुढचा बकरा कोण?" लोक दातांसाठी कमी आणि या तमाशासाठी जास्त यायचे, हे मला कळत होतं. आवडतही होतं.

अशाच एका शुक्रवारी कुणीतरी मशेरीचं विचारलं. आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर भाजून तिची काळी पूड करतात आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात, ती मशेरी. घरातली ऐकत नाही, काय करू, असा त्या गृहस्थांचा प्रश्न. तेवढ्यात आपा चहाचं तबक घेऊन आली. सगळे नात्यागोत्याचे, त्यामुळे तिला तिथे यायला संकोच नव्हता. मी म्हटलं, "आपा, जरा इकडे ये. आ कर." तिला वाटलं, भावाला काहीतरी काळजीने बघायचंय. तिने विश्वासाने तोंड उघडलं. मी तिची हनुवटी धरून तिला बैठकीकडे वळवलं, बोटांनी गाल ताणून बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणालो, "बघून घ्या. हे तोंड नव्हे, हे गटार आहे. ज्याला आपल्या बायकोचं असं करायचं असेल त्याने खुशाल मशेरी आणून द्यावी." हसण्याचा लोट उठला. पडद्याआडूनही हसू आलं. सर्वांत मोठ्याने दुल्हाभाई हसले, "हबीबी, मी रोज गटाराशेजारी झोपतो की रे!"

त्याच उजेडात मला तिच्या डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा दिसला होता. पुसला तरी जाणार नाही असा, खरबरीत. असा चट्टा दिसला की काय करायचं, हे दंतवैद्यक शिकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मला वाटलं, नंतर बघू… लोक हसत होते. आपाने तोंड मिटलं, पदराने माझी ओली बोटं पुसली आणि म्हणाली, "चहा घ्या, थंड होतोय."

नंतर मी विचारलं नाही असं नाही. पुढच्याच भेटीत म्हटलं, "आपा, त्या दिवशी गालात काहीतरी दिसलं. दाखव बघू." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता काय राहिलंय बघायचं? सगळ्यांनी पाहिलं की." मला राग आला. मी, डॉक्टर, दोनदा विनवणी करणार नाही, असं ठरवून टाकलं. थोड्याच दिवसांत तिने शेजारच्या अरबी म्हातारीकडून इथल्या बायका बांधतात तसला तोंडावरचा बुरखा शिवून घेतला. निळसर चमकीच्या कडक कापडाचा. डोळे उघडे, नाक आणि ओठ झाकलेले. आमच्या घराण्यात असलं काही कुणी कधी घातलं नव्हतं. पण इथल्या म्हाताऱ्या तो घरातही उतरवत नाहीत, तशी तीही उतरवेना. जेवायची सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघराचं दार लोटून. दुल्हाभाईंना अभिमान वाटला. बैठकीत सांगू लागले, "आमची हलिमा आता पक्की परहेजगार, धर्म पाळणारी झाली बघा." सगळे माशाल्ला म्हणाले. मीही म्हणालो.

मग घरात ऊद जळू लागला. सकाळी, दुपारी, पाहुणे यायच्या आधी. पायरीवरूनच त्याचा धूर लागायचा. मी थट्टा केली, "आपा, तू तर पुरती अरबीण झालीस. आता खजुराच्या झाडावर चढायचं तेवढं बाकी आहे." बुरख्यामागून ती काहीतरी पुटपुटली. तिचे शब्द तेव्हाच जड, अडखळते यायला लागले होते. आम्ही त्यालाही हसलो. कडक कापडातून नीट बोलता येत नसेल, असं मी दुल्हाभाईंना समजावून सांगितलं. त्यांनी प्रश्न विचारला होता, तज्ज्ञाने उत्तर दिलं.

एका दुपारी ती चुलीपुढे कोसळली. निरोप आला, मी धावत गेलो. बुरख्याच्या गाठी मी सोडल्या. बेशुद्धीतही तिचा हात तो धरून ठेवायला वर आला… काय पाहिलं ते सगळं लिहीत नाही. गालाला आरपार भोक पडलं होतं आणि त्यात तिने अत्तरात भिजवलेला कापूस कोंबला होता. दुल्हाभाई भिंतीला टेकून म्हणत राहिले, "मला कसं कळलं नाही? मला कसं कळलं नाही?" मला कळलं होतं.

इथे काही होण्यासारखं नव्हतं. दुल्हाभाई तिला मुंबईला घेऊन निघाले. बोट दूर समुद्रात उभी असायची, तिथवर लाँचने जावं लागे. धक्क्यावर मी मुंबईच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. बुरखा पुन्हा बांधलेला होता. तिने मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द जोडत म्हणाली, "डॉक्टरला लिहिलंस का… दार लावून बघ म्हणून?" मी लिहिलं नव्हतं. हो म्हणालो. ही आमची शेवटची भेट.

तार आल्यानंतर काही आठवड्यांनी दुल्हाभाई एकटे परतले. मी दुपारी गेलो तेव्हा ते चुलीपाशी बसून पेज पीत होते. माशाचा काटा कडाकड चावणारा माणूस, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. म्हणाले, "शेवटी शेवटी ती रोज हेच करायची. मऊ भात, खिमट, पेज. मी ताट ढकलायचो. म्हणायचो, आम्हाला काय दात नाहीत? आता दुसरं काही घशाखाली उतरत नाही." मग त्यांना मी त्या चट्ट्याचं सांगितलं. बॅटरीच्या उजेडात काय दिसलं, तेव्हा मी काय केलं, सगळं. त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "तेव्हाच उपाय केला असता तर वाचली असती?"

"बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक कशाला? बैठकीत कसा ठणकावून सांगायचास. तसं सांग."

"हो. वाचली असती."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं, मारतील, घराबाहेर काढतील. त्यांनी आणखी एक वाटी घेतली, तीत पेज ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. "खा."

आता बैठक भरत नाही. पण दर शुक्रवारी दुल्हाभाई निरोप धाडतात, आणि मी जातो. ते माझ्यापुढे पेजेची वाटी सरकवतात. आम्ही दोघं तिच्या चुलीपाशी समोरासमोर बसतो, आणि माझी वाटी रिकामी होईपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात.