निवळी फसली तेव्हा

परवा आचऱ्याला आमच्या शाळेत इन्स्पेक्टरसाहेब आले होते. मी बी.एस्सी. होऊन जूनपासून इथे शास्त्र शिकवते, पण नेमणूक तात्पुरती… माझा पाठ पाहून ते शेरा देणार आणि त्यावर मी राहणार की जाणार, हे ठरणार.

पाठ होता रासायनिक बदल. आपण सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते, एवढाच प्रयोग. भट्टीवरचा शिंपल्यांचा चुना मी दोन दिवस पाण्यात ठेवला होता आणि वरचं स्वच्छ पाणी बाटलीत भरलं होतं.

परीक्षानळीत ते घेतलं, काचेची नळी बुडवून फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं… नुसते बुडबुडे.

"बाई दमली गो," मागच्या बाकावर कुजबुज झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात दारात उभे असलेले आमचे शिपाई, भिकाजी, पुढे आले. "बाई, त्या बाटलेतलां पानी मियां सकाळीच वतलंय."

"का?"

"सायब येतले म्हणान. दोन दिसांचां शिळां पानी पावण्याम्होरां कसां ठेवतलंय? बांयचां ताजां भरलंय."

"आणि भांड्यातला चुना?"

"भांडां घासून लखलखीत केलंय."

वर्ग हसला. मी नाही हसले. पाहुणा यायचा म्हणजे कळशी रिकामी करून विहिरीचं ताजं पाणी भरायचं, ही इथली घरोघरची रीत. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, ही चूक माझी.

मी भिकाजींना विचारलं, "तुमच्याजवळ पानाचा चुना आहे?" साहेबांकडे चोरून बघत त्यांनी कनवटीची डबी काढली. चिमूटभर चुना पाण्यात ढवळला, गाळणकागदातून गाळला… त्यात पाचेक मिनिटं गेली. मग नळी मी साहेबांच्याच हाती दिली.

त्यांनी फुंकलं. पाणी पांढरं होत गेलं.

"ताकच झालां मरे!" भिकाजी म्हणाले.

शेरा चांगला मिळाला. नेमणूक कायम करावी, असं त्यात आहे.

भिकाजी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी भट्टीवाल्याच्या चुन्याला दोष दिला असता आणि तो सगळ्यांना पटलाही असता. साहेबांपुढे स्वतःहून चूक सांगणं शिपायाला सोपं नसतं… त्यांचे आभार मला तोंडाने मानता आले नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.