हातचा चेंडू

“हात लावू नकोस! पायानंच सरकव!”

चेंडू रेषेबाहेर गेला होता आणि तो उचलायला मी वाकलो होतो. कॅप्टन मैदानाच्या मधून ओरडला. बघणारे फिदीफिदी हसले. मी वाकलेला तसाच राहिलो. मग आमचा विंगर, उजव्या टोकाला गोलच्या तोंडाशी खेळणारा पोरगा, तिथून धावत मागं आला. मी पायानं सरकवलेला चेंडू त्यानं उचलला आणि डोक्यावरून आत टाकला.

बेळगावात वकील-मास्तरांच्या पोरांची ती टीम. मी महारवाड्यातला. बाप पहिल्या महायुद्धात पलटणीत होता, म्हणून आम्ही कॅम्पाच्या कडेला राहायचो. सोल्जरांचा खेळ बघून बघून मी शिकलो. टीमनं मला घेतलं ते दयेपोटी नव्हे. त्यांच्याकडं पुढं पळणारे भरपूर होते, मधला माणूस नव्हता. मी उजवा हाफ. मागच्याकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून बघायचं, मोकळ्या माणसाला द्यायचा. मी पुढं गेलो की डाव्या हाफनं मागं थांबायचं, तो गेला की मी. हे जमलं तरच पुढच्यांना गोल मारता येतो. मी आल्यावर ते गोल मारायला लागले.

पण थ्रो टाकायचा नाही. रेषेबाहेरचा चेंडू हातानं आत टाकणं हे त्या बाजूच्या हाफचं काम, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्यात मात्र विंगर मागं यायचा. तो मागं आला की पुढचं टोक ओस. तिथं पास द्यायला कुणीच नाही. किती चढाया अशा फुकट गेल्या! मी एकदा कॅप्टनला हे सांगून बघितलं.

तो म्हणाला, “पायाचं चालतं रे. गवतात पुसून जातं. हाताचं नाही चालत.”

माझ्या पायाचा चेंडू आमचा गोली पोटाशी कवटाळायचा, ते चालायचं. चेंडू जनावराच्या कातड्याचा. ते जनावर कुणी ओढलं, कुणी सोललं, ते कुणी विचारत नव्हतं. माझं रक्त उकळायचं. तरी मी जायचो. मला वाटायचं, जीव तोडून खेळलो तर हेच एक दिवस म्हणतील, टाक रे तूच. तेवढ्या एका शब्दासाठी मी खेळत होतो. दुसरं काही मागितलं नव्हतं.

मग कॅम्पात पलटणीच्या टीमशी फायनल झाली. दोघांचा एकेक गोल. खेळ संपत आलेला. चेंडू माझ्या बाजूनं बाहेर गेला आणि विंगर पुढं पाय धरून पडलेला. कॅप्टन गोलसमोर एकटा, मोकळा. पलटणीवाले अजून वळलेही नव्हते.

मी चेंडू उचलला. पहिल्यांदाच. दोन्ही हातांत धरला, डोक्यावरून नेला आणि थेट कॅप्टनच्या छातीवर टाकला.

त्यानं बघितलं. आणि तो बाजूला झाला.

चेंडू त्याच्याजवळून गेला. पलटणीच्या बॅकनं लांब टोला हाणला. मी रेषेवर, मधली जागा उघडी. त्यांनी सरळ येऊन गोल केला.

“तुझ्यामुळं हरलो,” कॅप्टन म्हणाला.

“मोकळं हुतासा की तुमी. घेतलासा का न्हाय?”

“तुझ्या हातचा?”

एवढंच बोलला. रागानंही नाही. मग त्यानं लंगडणाऱ्या विंगरला चेंडूवर पाणी ओतायला लावलं. मी उभा राहून बघितलं. ज्याला मी वर्षभर पास दिले तो पोरगा माझ्याकडं न बघता बादली उपडी करत होता. तेव्हा मला कळलं. हे हरतील, पण माझ्या हातचं घेणार नाहीत. मी कितीही चांगला खेळलो तरी नाही. माझ्या आत काहीतरी मेलं. ते परत जिवंत झालं नाही.

मी जायचं बंद केलं. पावसाळा सरल्यावर विंगर आमच्या घराबाहेर येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“कॅप्टननं बोलावलंय. मधे कुणी नाही, पुढं चेंडूच येत नाही. पूर्वीसारखंच खेळायचं म्हणाले.”

“थ्रो मी टाकनार. आन् त्यो त्येनी अंगावर घ्यायचा. सांग जा.”

“ते कसं होईल?”

“मग जा.”

आई दारातून म्हणाली, “जा की रं लेकरा. तेवढंच खेळायला तरी मिळंल.” तिला माझं वाळत चाललेलं तोंड बघवत नव्हतं.

मी गेलो नाही. विंगर पुन्हा आला नाही. दुसऱ्या कुठल्या टीमनं बोलावलं नाही, बोलावणारही नाही. हात बाजूला काढून नुसते पाय मागणारे सगळीकडंच आहेत. माझा खेळ संपला, हे मला ठाऊक आहे. त्यांची मधली जागा ओस राहू दे. त्यांनी हरावं, जन्मभर हरावं. अट मी खाली आणणार नाही.