वडाच्या दोऱ्याचा गळ

तारीख १६ जुलै १९९५, रविवार. गळ टाकण्यासाठी तलावाच्या ठेकेदाराला दिलेले पन्नास रुपये. हजर दोघं — मी आणि माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान विलासराव. इतकं नेमकं सांगतो, कारण असले अनुभव सांगणाऱ्याला मी स्वतःच आधी तारीख विचारायचो. बहुतेकांना ती सांगता यायची नाही.

नेरूळला आमच्या सेक्टरमागे जुन्या गावाचा तलाव आहे, काठावर वड. तीन दिवसांच्या पावसानंतर त्या दुपारी उघडीप होती. विलासराव जहाजावर इंजिनिअर. परदेशातून त्यांनी फ्लाय फिशिंगचा रॉड आणला होता. त्यात आमिष नसतं. गळाला पिसं, दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि पाण्यावर अलगद सोडायची. पण तलावातले कार्प मासे त्या माशीकडे बघेनात. वडाची लाल फळं पाण्यात पडत होती, तीच गिळत होते.

मग आपण फळच करू, असं विलासरावांनी ठरवलं. लाल दोरा मात्र जवळ नव्हता. वडाच्या खोडाला महिन्यापूर्वीच्या वटपौर्णिमेचे दोरे होते. सगळे पांढरे, एकच लाल... तो सुमनचा. तिनं घरातली शिवणाचीच रीळ नेली होती. त्यांनी ब्लेडनं त्यातला हातभर कापला. मी म्हटलं, अहो, तुमच्याच आयुष्यासाठी बांधलाय तो.

"दादा, सात जन्मांतला एखादा कमी झाला तर तुमची बहीण पेढे वाटेल," ते हसून म्हणाले.

दोरा गळाला गुंडाळून त्यांनी फळ केलं आणि पँट दुमडून ते गुडघाभर पाण्यात उतरले. पहिल्याच फेकीला ते लाल फळ आत ओढलं गेलं. मासा दिसला नाही, पाण्याला फक्त फुगवटा आला. गळाला लागलेला मासा धडपडतो, लांब पळतो. हा विलासरावांभोवती फिरू लागला. संथ, एकाच अंतरावरून... बायका वडाला फिरतात तसा, उजवीकडून. प्रत्येक फेऱ्याला गळाची दोरी त्यांच्या पायांना गुंडाळली जात होती.

"दादा, हे मला आत नेतंय."

आवाजात थट्टा नव्हती. मी पाण्यात शिरून त्यांचा पट्टा धरला. पाणी आमच्या छातीला लागलं. फेरे मी मोजत होतो — सहा. सहावा पुरा झाला आणि दोरी एकदम सैल पडली. गळ वर आला तेव्हा त्यावर लाल दोऱ्याचा धागाही नव्हता. विलासरावांच्या पोटऱ्यांवर सहा वळ होते.

घरी सुमननं वळ पाहिले, मी सगळं सांगितलं. तिनं ते वळ एकेक करून मोजले.

"रीळ अर्धीच होती," ती म्हणाली. "सहाव्या फेऱ्याला दोरा संपला. सातवा मी नुसताच फिरले. कुणाला बोलले नव्हते."

मोठा मासा गोल फिरू शकतो, हे मी मान्य करतो. सहालाच का थांबला, याचा हिशेब मला आजही लागलेला नाही.

पुढच्या वटपौर्णिमेला सुमननं नवी, पूर्ण रीळ आणली. विलासराव दारापर्यंत तिच्यामागे गेले. "सहाच गुंडाळ," एवढंच म्हणाले.

ती दरवर्षी सहाच गुंडाळते. सातव्या फेऱ्यासाठी उरलेली रीळ घरी आणत नाही. तलावाला देऊन येते.