यादोरावने दिलेला नंबर

लाकूड चिरायचा मोठा आरा एकट्याने चालत नाही. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खाली. वरच्याने वर ओढायचं, खालच्याने खाली. ढकलायचं कोणीच नाही. ढकललं की पातं लचकतं आणि फळी वाकडी निघते. लाखनीचा टिकाराम आणि वैनगंगेकाठचा यादोराव यांची उमेदीची सगळी वर्षं अशी गेली. लोकांच्या बांधावरचे आंबे, जांभळं, ऐन त्यांनी चिरले. त्यांनी काढलेल्या मयाली, छपराच्या तुळया, अजून कितीतरी घरांची कौलं तोलून आहेत.

भुसा खालच्याच्या डोळ्यांत पडतो. म्हणून ओंडका बदलला की जागा बदलायची, असं ठरलं होतं. यादोराव ते मोडायचा. "तुले वरून रेघ चांगली दिसते," म्हणायचा आणि आधीच खाली उतरलेला असायचा. टिकारामच्या डोळ्यांना या वयात अजून चष्मा नाही. त्यातला अर्धा वाटा यादोरावचा, असं तो मानतो.

मग तालुक्याला आरा मशीन आली आणि हाताच्या आऱ्याला कोणी विचारेना. पुढे गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि यादोरावचं गाव उठलं. पुनर्वसनाच्या प्लॉटवर त्याचं मन लागलं नाही. एका सकाळी तो लाखनीला आला, चहा प्याला, "काम पाहून येतो" म्हणाला आणि एसटीत बसला. परत आला नाही. टिकाराम त्याच्या नव्या वस्तीत जाऊन आला. घराला कुलूप होतं आणि शेजाऱ्याला काही माहीत नव्हतं.

आता टिकारामचा उजवा खांदा वर जात नाही. घरात तो आणि बायको चंद्रभागाबाई. नात तृप्ती नागपुरात नोकरीला, सुट्टीत येते. मोबाईल दोघांत एक, तो देवळीपाशी चार्जिंगला लावलेला असतो. त्याच्यावर दिवसभर फोन येतात. कर्ज घ्या, विमा घ्या, बक्षीस लागलं. हे सगळे टिकारामला नावाने हाक मारतात, घर कुठे आहे तेही सांगतात.

उन्हाळ्यात एका दुपारी टिकाराम बाहेर असताना फोन आला. पलीकडचा माणूस पोलीस असल्याचं सांगत होता. तुमच्या नातीला पकडलं आहे, फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका. त्याला तृप्तीचं नाव माहीत होतं. चंद्रभागाबाई फोन कानाला लावून जमिनीवर बसून राहिली. टिकाराम घरी आला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. पैसे गेले नाहीत, पण त्या दिवसापासून ती फोनला हात लावत नव्हती. वाजला की चुलीकडे निघून जायची. तिच्यासाठी मग टिकारामनेही अनोळखी नंबर उचलणं सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत तृप्ती आली ती उपाय घेऊनच.

"आबाजी, एक कंपनी आहे. आपलं नाव, नंबर, पत्ता इंटरनेटवर जिथं जिथं पडून आहे, तिथून ते काढायला लावते. वर्षाचे पैसे घेते. ते मी भरते."

"माणसं किती आहेत त्यांच्याजवळ?"

"माणसं नाही, जास्त काम मशीनच करते."

"मशीन करते तर दरवर्षी पैसे कायचे?"

"काढलं तरी पुन्हा येते ना. एकानं काढलं की दुसरा टाकते."

टिकारामने थोडा विचार केला. "म्हणजे निंदण आहे. बांधीतलं तण."

"हो, तसंच समजा."

"मंग आपल्या हातानं नाही होत?"

"होते. फुकट होते. पण एकेका ठिकाणी अर्ज करा, वाट पाहा, पुन्हा पाहा. मले कुठं सुट्टी आहे? आणि सगळं जाईन असं बी नाही. ज्यायच्या हाती नंबर आधीच गेला, त्यायच्याकडून वापस येत नाही. पण फोन कमी होतीन."

"भर वो बाई," चंद्रभागाबाई आतून म्हणाली. "माझ्या छातीत धडधड होते."

"त्यापेक्षा नंबरच बदला म्हटलं होतं मी," तृप्ती म्हणाली. "आबाजी ऐकत नाहीत."

"बँकेत आहे, गॅसले आहे," टिकाराम म्हणाला.

"ते सगळं बदलते, आबाजी."

बायकोने आतून त्याच्याकडे पाहिलं. तिला कारण ठाऊक होतं. बँकही नाही आणि गॅसही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. तृप्तीने तो उचलला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि ओरडायला तोंड उघडलं. पलीकडे एक मुलगी होती.

"यादोरावजी से बात हो रही है?"

"राँग नंबर," म्हणून तृप्ती बंद करणार, तोच टिकारामने तिचं मनगट धरलं. आऱ्याची मूठ धरायचा तसंच धरलं. तृप्तीला दुखलं.

"हां, मैं यादोराव," तो म्हणाला.

"सर, आपके लिए दुर्घटना बीमा..."

"बीमा लूंगा. पहले बताओ, मेरा पता क्या लिखा है तुम्हारे पास?"

"सर, पूरा नहीं है. वारासिवनी, जिला बालाघाट. काम में आरा मशीन आ रहा है. सही है ना, सर?"

"सही है," टिकाराम म्हणाला. "बिलकुल सही है."

पुढे ती मुलगी बरंच बोलली. ते कोणी ऐकलं नाही.

यादोरावला लिहिता येत नव्हतं आणि त्याच्याकडे मोबाईलही नव्हता. जायच्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने टिकारामचा नंबर पाठ केला होता. आकडे दोन-दोन करून, एका ओढीला एक जोडी, वर-खाली हात हलवत. टपरीवाला हसत होता. पुढे जिथं कोणी नंबर मागितला तिथं त्याने हाच दिला असणार. त्याच्यासाठी नंबर हा एकच होता.

"आबाजी," तृप्ती मनगट चोळत म्हणाली, "मंग पैसे भरू का नाही?"

"मी येईपर्यंत थांब."

तो दुसऱ्या दिवशी निघाला. तुमसर, कटंगी करत वारासिवनीला पोचला आणि एकेका आरा मशीनवर विचारत गेला. गावाबाहेरच्या एका मशीनवर बाबुलाल नावाचा मालक होता. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"यादो बाबा? था ना. मशीन पर था, पर लकीर हाथ से खींचता था. गेरू की डोरी लेके. मशीन की लकीर पे उसका भरोसा नहीं था."

"कुठं आहे?"

"इस बरसात में गिर गया. कमर गई. हमने उसके नंबर पे बहुत फोन लगाया. वो बोलता था, नंबर मेरे जोड़ीदार का है, वो उठाएगा. किसी ने उठाया नहीं. फिर दामाद आया, छत्तीसगढ़ तरफ ले गया."

"गाव?"

"गाँव नहीं मालूम, भैया."

"चालत होता?"

"लाठी लेके. गाड़ी में बैठते टाइम भी बोला, फोन लगाते रहना, काम में होगा."

टिकाराम तिथंच एका ओंडक्यावर बसला. पातं चालू होतं आणि भुशाचा ढीग वाढत होता. खाली उभं राहणारा कोणी नव्हता. बऱ्याच वेळाने तो उठला. "त्याचा निरोप आला तर सांगा, नंबर चालू आहे."

बसस्टँडवरून त्याने तृप्तीला फोन केला. "पैसे भरू नको, बाई."

"आजी भेते, आबाजी. आणि ते लोक काही सोडणार नाहीत आपल्याले."

"नसतीन सोडत. पण त्यायच्याकडूनच पत्ता लागला. पुसून टाकलं तर पुढचा पत्ता कोण सांगन?"

"बरं," तृप्ती म्हणाली. "पण कोणाले काही सांगू नका. आपलं नाव नाही, खातं नाही, मेसेजमध्ये आलेला आकडा नाही."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मी नाही उचलला तो."

"मी बी नाही उचलला."

"मी भेली म्हणून तुमी सोडलं."

"तुझ्या एकटीचं नाही ते," तो म्हणाला.

ती पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "कोणी पोलीस म्हणला तर?"

"ठेवून द्यायचा."

"आणि रडला तर? असे रडतेत बी म्हणे."

"तरी ठेवून द्यायचा."

आता फोन वाजला की चंद्रभागाबाई लुगड्याला हात पुसत येते. छातीत धडधड अजून होते, पण उचलते. कर्जवाला असो, विमावाला असो, त्याला बोलू न देता आधी तीच विचारते, "यादोराव भाऊजी काय?" समोरचा गोंधळतो. ती थोडी थांबते, नीट ऐकते. मग दारात उभ्या नवऱ्याकडे पाहून मान हलवते आणि फोन पुन्हा चार्जिंगला लावते.