खापरापुढे अडकलेला हात

आमच्या अमळनेरकडे बाईची परीक्षा खापरावर होते. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांच्या पालथ्या पंजांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. पन्नाशीतली मी त्यात स्वतःला महाराणी समजत असे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतून पोळ्या टाकायला बोलावणं आलं की आढेवेढे घ्यायची, पण चप्पल आधीच पायात असायची.

एका हिवाळ्यात उजवा खांदा ठसठसू लागला. आधी वेणी घालताना कळ, मग बाहीत हात घालताना, मग त्या कुशीवर झोपणंच संपलं. घरात अवाक्षर काढलं नाही. खापर सुनेच्या हाती जाईल, ही धास्ती. धुळ्याच्या डॉक्टरकडे गेले तेसुद्धा दाढ दुखते असं सांगून. ते म्हणाले, सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, खांदा गोठलाय. साखर असलेल्यांना हे जास्त होतं, आणि तुम्हाला ती आहे. रोज भिंतीवर बोटं चालवत, सोसेल तेवढा हात वर न्या. नुसता जपत बसलात तर आणखी आखडेल.

बाईसाहेबांना हे पटेल तर ना! दुखऱ्या जागेला कोणी हलवतं का? सणासाठी राखायचा म्हणून मी हात पदराखाली पोटाशी धरून ठेवला. हात होता तो, लोणचं नव्हे, मुरत ठेवायला.

मुरला मात्र चांगलाच. फळीवरचा डबा समोर दिसायचा, हात खांद्याच्या वर जायचा नाही. पाठीला खाज सुटली की दाराच्या चौकटीला म्हशीसारखी अंग घासायची. एकदा न्हाणीत ब्लाउज अर्धा निघाला आणि अर्धा अडकला. ना काढता येई, ना घालता. हाक मारावी तर बिंग फुटणार. कितीतरी वेळ तशीच उभी होते, आपल्याच अंगात कोणी कोंडून बाहेरून कडी घातल्यासारखी. शेवटी तो तसाच ठेवून वरून शाल गुंडाळली आणि ऐन चैत्रात सुनेला सांगितलं, थंडी वाजते.

अखाजी आली. लेक माहेरी आलेली, धाकटी जाऊ शेजारी पुऱ्या लाटत बसलेली. सुनेनं विचारलं, मी टाकू का पोळ्या? मी तिला आमरसाकडे पिटाळलं.

गोळा हातांवर घेतला. डावा हात उठला, उजवा छातीपाशी थांबला. पोळी एका बाजूला कलली, पसरत पसरत कोपरावर उतरली. पुढे खापर तापलेलं, मागे भिंत, शेजारी जाऊ, आणि दोन्ही हात पिठाखाली. टाकावी तर हात पुढे जाईना, सोडावी तर पुरण चुलीत. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात नव्हता.

"हात वर कर ना वं माय," जाऊ म्हणाली.

मी डाव्या हातानं पोळी सावरू पाहिली, ती आणखीच घसरली.

"काय व्हयनं?"

"मना हात वर व्हत नही."

सासरी आल्यापासून इतक्या हळू आवाजात मी काही बोलले नसेन. लाटणं थांबलं. सून उठून आली, माझ्या हातांखाली तिनं आपले हात सरकवले, पोळी उचलून घेतली आणि खापरावर टाकली. वाकडी पडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी तिनं मला भिंतीसमोर उभं केलं. "आई, चालवा बोटं." दुपारीच माझ्याकडून सगळं काढून घेतलं होतं तिनं, दाढेचंसुद्धा. बोटं खांद्याच्या उंचीला अडली. मी तिच्या माहेरचा उद्धार केला. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढे महिनोन् महिने तेच. दुखायचं आणि मी शिव्या घालायची.

पुढच्या अखाजीपर्यंत हात कानाला लागू लागला. पोळी झुलवण्याइतका मात्र तो कधी सुटलाच नाही. खापरापुढे सून बसली. मी मागे पाटावर बसून तिला सूचना देत होते, आणि ती एकही ऐकत नव्हती.