मोशीच्या परसातला शनी

एसटीचं दार लागलं तेव्हा काका सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला, "गेली एकदाची घरातली साडेसाती!" बाप नुकताच वारलेला, मी आयटीआय करून चाकणला निघालेलो. आई खिडकीखाली उभी होती. तिनं एवढंच सांगितलं, "पोटाला खात जा." गावकऱ्यांनो, तुम्ही त्या दिवशी हसलात. इतके हसलात, की रस्त्यातली म्हसरं हॉर्न न वाजवताच बाजूला झाली. ते हसू मी भाकरीबरोबर फडक्यात बांधून आणलं. भाकरी शिळी झाली, हसू अजून ताजं आहे.

चाकणला कंपनीत एवढा ओव्हरटाइम केला की सूर्य मला ओळखेनासा झाला. मग मोशीत रो-हाउस घेतलं, मागं चादरीएवढं परस. आई मात्र काकाकडंच. तिच्या भाकऱ्यांवर आणि म्हशींच्या धारांवर त्याचं घर उभं होतं ना! ती माझ्याकडं आली, जरा रुळली, की काका न्यायला हजर. "साडेसातीच्या घरात बाईमाणसानं फार राहू नये," असं म्हणत माझंच श्रीखंड ओरपायचा. आई गुमान पिशवी भरायची.

गेल्या हिवाळ्यात मी दुर्बीण घेतली. शेजारचा सलीमभाई गाड्यांचा मेकॅनिक. त्यानं जुन्या लोखंडाचा भक्कम स्टँड करून दिला नि म्हणाला, "भाऊ, ये दुर्बीण नहीं, तोप है!" होतीच तशी. चंद्रावर कुणी विडी ओढली असती तर मी बंडलाचं नाव सांगितलं असतं.

काका आईला न्यायला आला, त्या दिवशी दिवेलागणीला मी तोफ रोखली. शनीच्या देवळातसुद्धा काका कधी मूर्तीसमोर येत नाही. एका अंगाला उभं राहायचं, मान खाली घालून तेल वाहायचं. नजरेला नजर भिडली की संपलं, हा त्याचा कायदा.

"काका, बघा की जरा. शहरातली गंमत."

त्यानं डोळा लावला. "आरारारा! काय देखणं रं! मोत्याला कडं घातल्यागत!" गडी हटेना. चहा निवून गेला. ते सरकलं की मी नळी हलवून पुन्हा त्याच्या डोळ्यात आणून सोडायचो.

"कोण म्हनायचा ह्यो?"

"शनी महाराज," मी म्हणालो. "समोरासमोर."

काका जो उडाला तो कुंपण ओलांडून सलीमभाईच्या अंगणात पडला. "तेल! तेल आणा!" आईनं घाईत खोबरेलाचा डबा आणला. तो त्यानं दुर्बिणीऐवजी स्वतःच्याच डोक्यावर पालथा केला. "वैनी, पिशवी भरा! हितं क्षणभर थांबायचं न्हाई!"

आता माझी पाचावर धारण बसली. आई घाबरली तर माझाच डाव माझ्यावर उलटणार, पुन्हा ती त्या चुलीपुढं. पण आईनं पदर सावरला, वाकली, डोळा लावला. किती तरी वेळ बघत राहिली. मग तशीच वाकलेली म्हणाली, "भावजी, मला तर ह्यो काहीच म्हणंना. तुम्ही व्हा पुढं. मी हितंच राहते."

काका तेल निथळत निघाला. सीट खराब होईल म्हणून एकही रिक्षावाला घेईना. भोसरीपर्यंत चालला म्हणे. मला दया आली? छे! मी गच्चीवर चढून वळणापर्यंत बघितलं, दुर्बिणीतूनच. आता दर शनिवारी त्याचा फोन येतो. "आज त्यो कुणीकडं बघतोय रं?" मी परसात न जाताच सांगतो, "तुमच्याकडंच."

माझ्यासारखेच गाव सोडून इकडच्या शिफ्टांत अडकलेले मित्र विचारतात, राव, तुझं घर कोणतं, गावचं का हे? काकाकडं आई ओसरीवर झोपायची. आतली कडी दुसरंच कुणी लावायचं. मोशीत कडी ती लावते. सेकंड शिफ्टवरून यायला उशीर झाला, की मीच बाहेर उभा राहून हाका मारतो, आणि आई आतून दरडावते, "कोण हाय? आधी नाव सांगा!"