मागून नाडी ओढणारं

आमची वहिनी लाँड्रीत इस्त्री करायची. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे पांढरे कोट. दिवसभर तापलेल्या प्रेसपुढे उभी. लहानपणापासून तिला फिट्स यायच्या. कितीतरी वर्षं गोळीनं त्या अशा ताब्यात ठेवल्या होत्या की सासरची माणसं ते विसरूनही गेली होती. फिटच्या आधी तिला जळक्या कापडाचा वास यायचा. आता अशा बाईनं इस्त्रीचं काम धरावं, ही काय अक्कल! पण हाताला तेच येत होतं, आणि पोट कुणासाठी थांबतं का? वास आला की ती शेजारी घड्या घालणाऱ्या मावशीला विचारायची, "मावशी, काही जळतंय का हो?" मावशी "हो" म्हणाली की हिच्या जिवात जीव यायचा.

मूल हवं होतं. दोघांनाही, फार. एकदा थोरली नणंद म्हणाली, "गोळ्या खाऊन मूल व्हायचं कसं? सगळं बाळाच्या अंगात उतरतं." उचलली जीभ लावली टाळ्याला! तरी त्यात चिमूटभर खरं होतंच, आणि तेवढंच माणसाला खड्ड्यात घालतं. वहिनीनं डॉक्टरांना न विचारता, नवऱ्यालाही न सांगता गोळी बंद केली.

थोड्या दिवसांनी, भर दुपारी, मागून कुणीतरी तिच्या ॲप्रनची नाडी ओढली. हळूच, गुडघ्याएवढ्या उंचीवरून. वळून पाहिलं तर नुसती भिंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग घरी, ओट्यापाशी, गाऊनचं टोक.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ही बया हरखली! आपलं लेकरू घर बघायला आलंय, असंच तिनं मनाशी धरलं. दारातून जाताना ती बाजूला सरायला लागली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, सरळ माणूस. त्यानं विचारलं, "अगं, कुणाला वाट देतेस?"

"येणाऱ्याला," ती हसून म्हणाली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मग एका दुपारी नाडी ओढली गेली आणि वासही आला.

"मावशी, काही जळतंय का हो?"

"नाही गं बाई. काहीच नाही."

तिला कळायला हवं होतं. पण ती ओढ इतकी गोड होती की ती हसत खाली वाकली, त्याला बघायला, आणि तशीच कोसळली. पडताना हात प्रेसवर टेकला. मावशीनं बटण बंद केलं नसतं तर हात गेलाच होता.

"गोळी बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. नवऱ्याला तर हे तिथंच कळलं.

"बाळासाठी केली हो. ते यायचं... नाडी ओढायचं."

डॉक्टरीणबाईंचा आवाज उतरला. "ते बाळ नव्हतं. फिटच्या आधी कुणाला वास येतो, कुणाला सोबत कुणी असल्यासारखं वाटतं. तुमची जुनी गोळी पोटातल्या बाळाला खरंच वाईट. पण एकदम सोडली तर फिट्स येतात, आणि त्यात आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. आपण गोळी हळूहळू बदलू, फॉलिक ॲसिड आत्तापासून सुरू करू. बदल नीट बसेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. मी सांगेन तेव्हाच. आणि तोवर प्रेसपुढे उभं राहायचं नाही."

"मग ते परत येणार नाही?"

"नाही. यायलाच नको."

घरी आल्यावर नवरा पाण्याचा पेला घेऊन समोर बसला. रागावला होता, घाबरलाही होता. तिनं गोळी तळहातावर घेतली. तेवढ्यात मागून गाऊनचं टोक ओढलं गेलं. आज जरा जोरात, हट्ट केल्यासारखं.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही." ती मागं वळली नाही. पुटपुटली, "जा राजा. तू गेल्याशिवाय माझं बाळ यायचं नाही."

आणि तिनं गोळी गिळली. टोक सुटलं. नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती मूल गेलेल्या आईसारखी रडली.